बसला बॉम्ब १५१

फोटो साडेतीन इंचांचा, चौकोनी. कडा दातेरी कापलेल्या, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे. चारी बाजूंना पांढरी किनार आणि वरच्या किनारीवर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘नोव्हेंबर ५५’. मधे काळंपांढरं चित्र: ओलं काँक्रीट, त्यावर चाकं लावलेला लोखंडी सांगाडा म्हणावा अशी एक गाडी, भोवती सात-आठ माणसं, दोघांच्या अंगात रेनकोट, एकाच्या डोक्यावर हॅट. डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या मोटारीचं बूड. आणि पाठीवर पेन्सिलीने देवनागरीत लिहिलेली एक पुसट ओळ.

या फोटोला आठ महिन्यांत पाच ओळखी मिळाल्या. त्यातल्या चार चुकीच्या. आणि चारांपैकी तीन चुकांचं मूळ माझ्या टेबलावर होतं, म्हणून हे प्रकरण मीच लिहून ठेवलेलं बरं.

आमच्या शेजारच्या वहिनींनी सासऱ्यांची ट्रंक उघडली तिथून सुरुवात. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. शेतकी अभियांत्रिकी शिकायला ते १९५४ साली कॅन्ससमधल्या मॅनहॅटनला गेले होते. (हे मॅनहॅटन न्यूयॉर्कचं नव्हे. अण्णांना हा खुलासा आयुष्यभर करावा लागला.) ट्रंकेत डांबराच्या गोळ्या, स्लाइड रूल, दोन लोकरी मफलर आणि नाडीने बांधलेला फोटोंचा गठ्ठा. एकूण ४३ फोटो. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्याकडे ते मशीन आहे ना, जरा सगळे कॉम्प्युटरवर घालून द्या. ह्यांना वेळ नाही आणि मला धीर नाही.”

मशीन आहे. साधा फ्लॅटबेड स्कॅनर आहे आणि निवृत्तीनंतर नात्यागोत्यातल्या दीड-दोन हजार फोटोंवर हात साफ झालेला आहे. त्या आत्मविश्वासात मी काय काय केलं ते क्रमाने सांगतो. नाडी सोडली. फोटो आकाराप्रमाणे लावून घेतले, कारण एकाच मापाचे चार फोटो काचेवर एकदम बसतात. फक्त पुढची बाजू स्कॅन केली, ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके). चित्र थोडं तिरकं होतं ते सरळ केलं. सरळ करताना कोपरे रिकामे दिसायला लागले म्हणून चहूकडून कापलं. किनार गेली आणि तिच्याबरोबर डाव्या कोपऱ्यातली मोटारही गेली. मग जेपेग करून वहिनींना व्हॉट्सॲपवर पाठवलं. व्हॉट्सॲपने आपल्या परीने ते आणखी दाबलं.

फोटो ‘स्वच्छ’ झाला, असं मला वाटलं. वहिनींनाही वाटलं.

वहिनींच्या भाच्याने, मुलगा तसा हुशार, तो फोटो एका ॲपमधून रंगवला आणि फोन करून विचारलं, “मामी, मागे काही लिहिलंय का?” वहिनींनी चष्मा लावून वाचलं: “बसला बॉम्ब १५१.” झालं. संध्याकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर मथळा आला: ‘अण्णा अमेरिकेत, बॉम्बच्या कवचापासून बनवलेल्या १५१ नंबरच्या शर्यतीच्या गाडीसोबत, १९५५.’ हॅट घातलेला माणूस अण्णा ठरला. वास्तविक बॉक्स कॅमेरा अण्णांचा, फोटो काढणारे अण्णा. ते फोटोत असतील कसे? पण आपलं माणूस फोटोत शोधायची ओढ इतकी दांडगी असते की हॅटखाली कुणाचंही नाक अण्णांचं होतं.

तिथून तो फोटो जुन्या मोटारींच्या शौकिनांच्या ग्रुपवर गेला, आणि खरी मजा सुरू झाली.

रंगवणाऱ्या ॲपला ओलं काँक्रीट कळलं नव्हतं. त्याने जमीन फिकट निळसर-पांढरी केली होती. ती पाहून एका जाणकाराने ठामपणे सांगितलं: ही अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या बोनव्हिलची मिठाची जमीन आहे, जिथे वेगाचे विक्रम करतात, आणि गाडी बॉम्बची नव्हे, विमानाच्या इंधनटाकीची आहे. बेली टँक लेकस्टर, म्हणजे विमानाच्या पोटाखालच्या टाकीची, कोरड्या तळ्यांवर पळवायची गाडी.

निष्कर्ष साफ चुकला होता. पण त्यामागची माहिती खरी होती आणि इतकी सुरस होती की त्या ग्रुपवर पुढचे पंधरा दिवस दुसरा विषय निघाला नाही. म्हणून तिच्यावर थोडं थांबतो.

दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं लांबच्या फेरीवर जाताना पंखांखाली किंवा पोटाखाली जादा पेट्रोलच्या टाक्या टांगून नेत आणि रिकाम्या झाल्या की वाटेतच सोडून देत. हवेला अडथळा होऊ नये म्हणून टाकीचा आकार पाण्याच्या थेंबासारखा: पुढे गोल, मागे निमुळता. बिल बर्क हा कॅलिफोर्नियाचा वेगवेडा तटरक्षक दलात असताना त्याने पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनलला अशा टाक्या उतरवल्या जाताना पाहिल्या. बघणाऱ्या हजारांना त्यात टाकी दिसली. याला मोटारीची बॉडी दिसली. युद्ध संपल्यावर त्याने भंगारातून १६५ गॅलनची एक टाकी घेतली, तिला फोर्डची चासी आणि व्ही-८ इंजिन जोडलं आणि १९४६ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पळवली. लहान टाकीत माणूस आणि इंजिन दोन्ही नीट मावेनात, म्हणून पुढची गाडी त्याने पी-३८ लायटनिंग विमानाच्या तीनशे गॅलनांहून मोठ्या टाकीची केली. इंजिन मागे, चालक पुढे. हाच नमुना पुढे सगळ्यांनी उचलला. ॲलेक्स झायडियसच्या सो-कॅल स्पीड शॉपची अशीच टाकी १९५२ साली बोनव्हिलला ताशी १९८ मैलांच्या वर गेली. झायडियसही युद्धकाळात लष्करी हवाई दलातच होता.

हॉट रॉड आणि युद्धातली विमानं यांचे फोटो एकाच गठ्ठ्यात का सापडतात, याचं उत्तर यात बरंचसं आहे. हॉट रॉड म्हणजे मुळात गरिबाची शर्यतीची गाडी: बापाने टाकून दिलेली १९३२ ची फोर्ड, मडगार्ड काढलेली, बॉनेट काढलेलं, इंजिन खोलून वाढवलेलं. युद्धाआधीही हे वेड होतं. पण युद्धाने त्या पोरांना सरकारी खर्चाने इंजिनं खोलायला शिकवलं आणि घरी परतल्यावर त्यांच्यासमोर सरकारी भंगाराचे डोंगर रचून ठेवले. टाक्या, ॲल्युमिनियमचे पत्रे, विमानातल्या सीट, पट्टे, दाबमापक, सगळं मातीमोल भावाने.

तर बेली टँकचा इतिहास पक्का. फक्त आमच्या फोटोत टाकी नव्हती. टाकीच्या गाडीला अंगच अंग असतं. तिचा माशासारखा गुळगुळीत आकार लांबूनही लपत नाही. आमच्या गाडीचे अवयव सगळे उघडे होते. एका सदस्याने हे लिहिलंही. त्याला उत्तर मिळालं, “कवच काढून ठेवलं असेल.” अशा वादात ‘असेल’ या शब्दाला हरवता येत नाही.

मला हे सगळं उशिरा कळलं, ते वहिनींनी विचारलं तेव्हा: “भाऊजी, अण्णा मिठागरावर कधी गेले होते हो?” तेव्हा मूळ प्रिंट पुन्हा मागवली आणि जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते आता केलं. काच पुसली. १२०० डीपीआय, जेपेगसारखी न दाबलेली टिफ फाइल, किनारीसकट, काहीही सरळ न करता. मग फोटो उलटा ठेवून पाठ, तीही तशीच.

पाठ आधी सांगतो. सत्तर वर्षांची पेन्सिल समोरून वाचता येत नाही. शिसं कागदात मुरून चकाकतं. खोलीतला दिवा मालवला, मोबाइलचा टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरला. अक्षरांचे खाच सावलीत उभे राहिले. ‘बसला’ नव्हतंच ते. ‘ला’चा काना म्हणून वाचली गेलेली रेघ ही कागदाची घडी होती. ‘ल’चा पाय मोडलेला होता. अण्णांनी लिहिलं होतं: ‘बसल् बॉम्ब १५१’.

बसल बॉम्ब. हे गाडीचं नाव आहे.

लॉइड स्कॉटची ‘बसल बॉम्ब’ ही त्या काळातल्या ड्रॅग शर्यतींमधली, म्हणजे सरळ पट्टीवर पाव मैल पळायच्या शर्यतींमधली, गाजलेली गाडी. तिला दोन इंजिनं होती, एक पुढे आणि एक चक्क मागच्या ॲक्सलच्याही मागे लोंबकळणारं. बसल म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन बायका घागऱ्याखाली पाठीमागे फुगवटा यावा म्हणून बांधत ती गादी. मागे इंजिनाचा गाठोडा बांधलेल्या गाडीला पोरांनी ते नाव ठेवलं. आपल्याकडे असती तर कासोट्यावरून काहीतरी नाव पडलं असतं. आणि १५१ हा गाडीचा नंबर नव्हता, वेग होता. ताशी १५० मैलांचा उंबरठा ओलांडणारी पहिली ड्रॅग गाडी म्हणून बसल बॉम्बचं नाव घेतलं जातं, आणि ती नोंद झाली १९५५ साली कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला, ताशी १५१ मैलांची. अण्णा शेतकी इंजिनिअर. त्यांनी माणसांची नावं लिहिली नाहीत, आकडा लिहिला.

आता १२०० डीपीआयवर मोठी केलेली पुढची बाजू. गाडीच्या मागच्या टोकाला इंजिन आहे आणि पुढेही आहे. मी तिचं ३०० चं स्कॅन केलं होतं तेव्हा पुढचं इंजिन आणि त्यामागे वाकलेल्या माणसाची पाठ मिळून एकच काळा ढीग झाला होता. काँक्रीटच्या लाद्यांच्या जोडांमध्ये पाणी साठलेलं दिसतं. आणि मी कापून टाकलेल्या डाव्या कोपऱ्यातल्या मोटारीवर नंबरप्लेट. तिचा वरचा उजवा कोपरा कुरतडल्यासारखा. कॅन्ससच्या नकाशाचा ईशान्य कोपरा मिसूरी नदीने असाच खाल्लेला आहे, आणि त्या वर्षांत त्या राज्याच्या प्लेट्स नकाशाच्या आकारात कापलेल्या असत. प्लेटवर सुरुवातीला दोन अक्षरं: बी, टी. म्हणजे बार्टन काउंटी. बार्टनचं मुख्य गाव ग्रेट बेंड.

हे जुळलं तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते. वहिनींना तेव्हाच फोन केला आणि बोलणी खाल्ली.

पण मीही शहाणा झालो नव्हतो. उत्साहाच्या भरात किनारीसकट नवा स्कॅन ग्रुपवर टाकला, सोबत एकच ओळ: ‘ही ग्रेट बेंडची पहिली राष्ट्रीय ड्रॅग शर्यत आहे.’ अर्ध्या तासात एकाने नोव्हेंबर ५५ वर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. राष्ट्रीय हॉट रॉड संघटनेची, म्हणजे वॉली पार्क्सने १९५१ साली काढलेल्या एनएचआरएची, ती पहिली राष्ट्रीय स्पर्धा ग्रेट बेंडला सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत संपायची होती. पावसाने ती धुतली. उरलेल्या अंतिम फेऱ्या नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या पेरीव्हिलला घ्याव्या लागल्या, आणि कॅल्विन राइस तिथे जिंकला. मग फोटो नोव्हेंबरचा, तर जागा पेरीव्हिल! लगेच तिसरी चुकीची ओळख तयार, आणि ती आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त पसरली, कारण तिला तारखेचा आधार होता.

किनारीवरची तारीख फोटो धुतल्याची असते, काढल्याची नव्हे. लॅब महिना-वर्ष छापायची ते आपल्या सोयीसाठी. बॉक्स कॅमेऱ्याच्या रोलमध्ये जेमतेम आठ-बारा फोटो. परदेशात पै-पैचा हिशेब ठेवणारा विद्यार्थी रोल संपल्याशिवाय धुवायला देत नाही. दोन फोटो उरले म्हणून रोल महिनाभर कॅमेऱ्यातच बसून राहिला, हे माझ्या पिढीतल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. नव्या पिढीला सांगावं लागतं. मी तो खुलासा न करता किनार दाखवली, ही माझी दुसरी चूक. त्याच मापाच्या आणखी दोन प्रिंटवर तीच तारीख होती, आणि त्यातल्या एकीत झाडांना भरगच्च पानं होती. कॅन्ससमध्ये नोव्हेंबरात झाडं अशी नसतात.

शिवाय पाऊस. ओलं काँक्रीट, रेनकोट. आणि विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारं अंतर: मॅनहॅटनहून ग्रेट बेंड एकाच राज्यात, ॲरिझोना म्हणजे निम्मा देश ओलांडून. एकेकटा पुरावा तोकडा आहे. प्लेटवाली मोटार ॲरिझोनालाही जाऊ शकते. पण सगळे मिळून एकाच दिशेला बोट दाखवतात.

आता विमानं. ती या प्रकरणात एका कोलाजमुळे आली, आणि ते पाप माझं नाही.

कोलाज करणाऱ्याने वर एका चार इंजिनी बॉम्बरचा फोटो लावला, खाली आमची बसल बॉम्ब, आणि लिहिलं: ‘ज्या धावपट्टीवरून बी-२९ विमानं भारतात आली, तिच्यावरच अमेरिकेची पहिली राष्ट्रीय ड्रॅग शर्यत झाली.’ मला वाटलं, ही तर लोणकढी थाप. पडताळायला बसलो, तर वाक्य खरं निघालं.

ग्रेट बेंडचा विमानतळ युद्धात बी-२९ सुपरफोर्ट्रेसच्या वैमानिकांना तयार करायला बांधलेला. सलायना, प्रॅट, वॉकर आणि ग्रेट बेंड, कॅन्ससमधले हे चार तळ त्यासाठीच होते. विमान इतक्या घाईत कारखान्यातून बाहेर काढलं होतं की १९४४ च्या मार्च-एप्रिलमध्ये बर्फात, उघड्यावर, मेकॅनिकांनी रात्रंदिवस खपून त्यात शेकडो दुरुस्त्या केल्या. त्या धांदलीला ‘कॅन्ससची लढाई’ असं गमतीचं नाव पडलं. ग्रेट बेंडचा ४४४ वा बॉम्बर गट तिथून निघाला तो थेट पुरुलियाजवळच्या चर्रा इथे आणि मग मिदनापूर भागातल्या दुधकुंडीला आला. या सगळ्या बी-२९ गटांचं मुख्यालय खडगपूरजवळच्या हिजलीला होतं, ज्या इमारतीत इंग्रजांनी राजबंदी ठेवले आणि १९५१ साली जिथे पहिलं आयआयटी उभं राहिलं तिथेच. जूनमध्ये तिथल्या विमानांनी बँकॉकवर पहिला हल्ला केला आणि चीनमध्ये थांबा घेऊन जपानपर्यंत मजल मारली.

अशा विमानाला जवळजवळ आठ हजार फुटांची पट्टी लागते. ड्रॅग शर्यतीला लागते पाव मैल, म्हणजे १३२० फूट. उरलेली सगळी थांबायला. तेव्हा गाडीमागे पॅराशूट उघडायची पद्धत आलेली नव्हती, त्यामुळे थांबायला जागा ही चैन नव्हतीच. युद्ध संपल्यावर गावोगाव अशा रुंद, सपाट, रिकाम्या पट्ट्या पडून होत्या आणि पोलिसांना पोरांनी हमरस्त्यावर शर्यती लावणं नको होतं. दोघांची सोय झाली. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन पट्टीवर वर्षानुवर्षं मोटारींच्या शर्यती झाल्या, त्यामागचं गणितही हेच.

तर कोलाजमधलं वाक्य खरं. विमान खोटं.

हे मला कळलं नसतं. कळलं ते लोहगावला हवाई दलात मेकॅनिक म्हणून उमेद घालवलेल्या एका आजोबांमुळे. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला, दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाले, “हे बी-२९ कुठलं? शेपटीला दोन कान आहेत. लिबरेटर आहे हे. याच्या पोटाखाली मी वर्षानुवर्षं आडवा पडलोय.” बी-२९ ला एकच उंच शेपटी आणि काचेचं गोल नाक, बी-२४ लिबरेटरला शेपटीच्या दोन्ही टोकांना दोन उभी लंबवर्तुळं. एकदा सांगितल्यावर पोरालाही ओळखता येतं, न सांगता कुणाच्या लक्षात येत नाही.

लिबरेटर अठरा हजारांहून अधिक बनली, म्हणून जुन्या फोटोंत ती सगळीकडे भेटतात आणि हव्या त्या विमानाच्या नावावर खपतात. पण पुण्याचं नातं त्याहून जवळचं. युद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरीला ब्रिटिशांनी ढिगाने लिबरेटर मोडतोड करून टाकून दिली होती, पुन्हा कुणी उडवू नये अशा बेताने. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातली जोडजमव करून उडवण्याजोगी केली, वैमानिक मुन्शी यांनी ती बंगळूरला नेली, आणि तिथे नीट बांधून हवाई दलाला दिली. सहा नंबरची स्क्वाड्रन ती लोहगावहून समुद्रावरच्या टेहळणीला नेत असे. १९६८ अखेरपर्यंत ती उडत होती. जगात तोवर बहुतेकांनी आपली लिबरेटर वितळवून भांडी केली होती. म्हणून नंतर संग्रहालयांना हवी झाली तेव्हा भारतातूनच न्यावी लागली. अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनने उडवलेलं प्रसिद्ध लिबरेटर मूळचं आपल्या हवाई दलाचं. अंगावर अमेरिकन रंग, अमेरिकन चिन्हं. रंगावरून ओळख सांगणाऱ्याने इथे जरा जपून राहावं.

आजोबांना मी कोलाज पाठवायला नको होता असं नंतर वाटलं. त्यांचा दिवस त्यातच गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचे सहा फोटो आणून दिले, तेही पाठीसकट स्कॅन करा म्हणून. पाठीचं मी त्यांना काही बोललो नव्हतो. “सर्व्हिसमध्ये सही मागेच असते,” म्हणाले.

आता फोटो बाहेर द्यायचा कसा, हा प्रश्न राहिला. इथे भावना आणि कायदा यांची थोडी ओढाताण झाली.

कोलाजमधला लिबरेटरचा फोटो अमेरिकी लष्करी छायाचित्रकाराने कामावर असताना काढलेला होता. अमेरिकी सरकारच्या अशा फोटोंवर त्या देशात कुणाचा हक्क नसतो, ते खुशाल वापरावेत. ब्रिटिश सरकारी फोटोंचंही, १ जून १९५७ च्या आधी काढलेले असतील तर, काढल्यापासून ५० वर्षांनी हक्क संपतात. अण्णांचा फोटो मात्र खासगी आहे आणि कधी छापला गेलेला नाही. आपल्या कायद्यात फोटोवरचा हक्क पूर्वी प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकायचा, २०१२ च्या दुरुस्तीपासून ही साठ वर्षं फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर मोजतात.  जुना आहे म्हणजे सगळ्यांचा आहे, हा समज इथे चालत नाही. प्रिंट वहिनींच्या कपाटात आहे म्हणजे हक्क वहिनींचा, हेही नाही. हक्क अण्णांच्या तीन मुलांचा. तिघांना विचारलं. पुण्याचे ‘ह्यांना’ जेवताना विचारलं, नागपूरचे लगेच हो म्हणाले, न्यूजर्सीच्या ताईंनी एक अट घातली: रंगवलेला फोटो नको. “आमचे अण्णा काळ्यापांढऱ्यातच बरे दिसतात.” अण्णा फोटोत नाहीत, हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता.

दरम्यान रंगीत फोटोवर कुणीतरी स्वतःच्या नावाचा शिक्का मारून तो फिरवायला सुरुवात केली होती. भाचा भांडायला निघाला. मी म्हटलं, भांडून शिक्का पुसला जात नाही, आपल्याकडे त्याच्याकडे नाही ते आहे: पूर्ण किनार, पूर्ण कोपरा आणि पाठ. आम्ही दोन्ही बाजू एकाच चित्रात शेजारी-शेजारी ठेवल्या, म्हणजे पुढे पाठवणाऱ्याला पाठ सोडून पोट पाठवता येणार नाही. कापणारा कापेलच. खाली मजकूर असा:

‘पाठीवरची नोंद, छायाचित्रकाराच्या हातची: “बसल् बॉम्ब १५१”. किनारीवर प्रिंट धुतल्याची तारीख: नोव्हेंबर १९५५. फोटोत दिसतं ते: दोन इंजिनांची गाडी, ओलं काँक्रीट, कॅन्ससच्या बार्टन काउंटीची नंबरप्लेट. आमचा तर्क: ग्रेट बेंड, कॅन्सस, पहिली राष्ट्रीय ड्रॅग शर्यत, सप्टेंबर-ऑक्टोबर १९५५. फोटोतली माणसं ओळखलेली नाहीत. कुटुंबाच्या परवानगीने.’

‘तर्क’ या शब्दावर भाच्याचा आक्षेप होता. एवढं सगळं जुळल्यावर तर्क कशाला, सरळ लिहा की. मी म्हटलं, मिठागरवाल्यालाही सगळं जुळलं होतं. तो शब्द राहिला. हॅटवाला अण्णा नाही, हेही त्याने शेवटी मान्य केलं, मात्र स्वतःच्या मोबाइलवर जुना मथळा तसाच ठेवून.

वहिनी एव्हाना बॉलपेन घेऊन बाकीच्या फोटोंच्या पाठीवर नावं घालायला बसल्या होत्या. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. ते काढून घेतलं आणि हातात मऊ पेन्सिल दिली, तीही फोटो काचेवर ठेवून, अजिबात दाब न देता, किनारीच्या मागे.

उरलेल्या ४२ फोटोंना आता मी पाठीकडूनच सुरुवात केली. पहिलाच हाती आला त्याच्या पाठीवर अण्णांनी एकच शब्द लिहिला आहे: ‘तोच’. उलटून पाहिलं तर एक ट्रॅक्टर आहे. गठ्ठ्यात त्याच्या आधी कुठला फोटो होता ते नाडी सोडायच्या आधी पाहिलं असतं तर कळलं असतं.